दगड लागलेला नातू

सौंसर,
१२ सप्टेंबर २०२४

चि. भगवंता,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. मनातून निघत नाही.

तू फोन मध्येच कापतोस, म्हणून कागदावर लिहून विनोद कंडक्टरच्या हाती पाठवते आहे. कागद कापायला निदान कात्री शोधावी लागेल, आणि तुझ्या कापडाच्या दुकानात ती कधीच जागेवर नसते.

तुझ्या सुनेने, सुचिताने कळवले की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गोटमारीत कुणालला दगड लागला. डाव्या काखेत लिंबाएवढी सूज आहे. पंधरा वर्षांचा मुलगा, दहावीचे वर्ष, आणि सख्खा आजोबा त्याला नदीवर पाठवतो! कशासाठी? तर जाम नदीच्या मधोमध रोवलेल्या पळसावरचा झेंडा पांढुर्ण्याने काढायचा की सावरगावने, यासाठी. दोन्ही काठांवरची शहाणी माणसे दिवसभर एकमेकांची डोकी फोडतात आणि संध्याकाळी देवीचा जयजयकार करून जेवायला जातात. माझ्या शाळेत एवढा मूर्खपणा मी पहिलीच्या वर्गातही चालू दिला नसता.

हेही कळले की तू पोराचा सदरा काढून त्याला दुकानात गादीवर बसवलेस. सुचिता म्हणाली, "बाबा एकेका गिऱ्हाइकाले बोलावून दाखवून राहिले, आत्याबाई." लुगडी दाखवावीत तशी नातवाची काख दाखवतोस? आणि पोराचा बाप बाजूला मुकाट उभा. तुझ्या राजूला देवाने तोंड दिले ते फक्त तंबाखूचा खर्रा चघळायला, हे मी त्याच्या लग्नातच ओळखले होते.

मुलगा वाळला आहे असेही सुचिता म्हणते. बरगडी मोडली असेल. फुशारकी आटोपली असेल तर त्याला नागपूरला ने आणि एक्स-रे काढून आण.

प्रेमलता


पांढुर्णा,
१७ सप्टेंबर २०२४

ती. बाई,

तू चार वर्षांनी मोठी आहेस म्हणून नमस्कार. त्याहून जास्त कारण मला सापडलं नाही.

तुझं पत्र वाचून समजलं की हेडमास्तरीण रिटायर झाली तरी छडी रिटायर होत नाही. तुमच्या सौंसरच्या लोकांना गोटमार काय कळणार? संत्र्याच्या बागेत सावलीत बसून दुसऱ्याच्या अंगणात डोकावणारी माणसं तुम्ही. आणि आता तर सौंसर आमच्याच जिल्ह्यात आलं. कलेक्टर पांढुर्ण्यात बसतो, बाई, एवढं ध्यानात ठेवून पत्र लिहीत जा.

मी कुणालला पाठवलं नाही, तो आपल्या पायानं गेला. संध्याकाळी आंघोळीला सदरा काढला तेव्हा मला सूज दिसली. आपल्या घरात माझ्यानंतर दगड खाल्लेला तोच. राजूचं तर दर वर्षी नेमकं त्याच दिवशी पोट दुखायचं. मग मी पोराला चार लोकांत बसवलं तर कोणाच्या बापाचं काय गेलं?

राहिली सूज. चंडीमातेचा अंगारा त्याच दिवशी लावला. शिवाय माझा दोस्त विजय. त्यानं नागपूरला एका मोठ्या डॉक्टरच्या हाताखाली उमर घालवली, आता बाजारात स्वतःचा दवाखाना थाटला आहे. त्यानं दोन इंजेक्शनं दिली, गोळ्या दिल्या, आणि आठ दिवसांत लिंबाचं बोर झालं. अंगात बारीक ताप होता तो गेला, पोरगा दोन पोळ्या जास्त खाऊ लागला. एक्स-रे तुझ्या डोक्याचा काढ. आत काही दिसलं तर कळव.

तुझा भाऊ
भगवंतराव


सौंसर,
६ ऑक्टोबर २०२४

चि. भगवंता,

काल शनिवारी तुम्ही सगळे जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला आलात. सौंसर इतके जवळ असताना माझ्या घरी पाय लावला नाहीत, म्हणून मीच रिक्षा करून देवळात आले. तू मला पाहून शेंदराच्या रांगेत तोंड फिरवलेस. मारुतीने पाहिले असेल.

कुणालला मात्र नीट पाहिले. सूज जवळजवळ नाही. गाल छान भरले आहेत, चेहरा गोल झाला आहे. तुझ्या आयुष्यात तुझे एक तरी बरोबर निघावे, ते हे निघाले. मी खोटे बोलत नाही, म्हणून लिहिते.

तो मला हात धरून देवळामागे घेऊन गेला होता. काहीतरी सांगायचे म्हणाला. मी म्हटले, आधी माझे ऐक. आणि तुझा आजोबा कोणत्या दर्जाचा मूर्ख आहे ते त्याला व्यवस्थित समजावून सांगितले, म्हणजे पुढच्या वर्षी नदीवर जायची बुद्धी व्हायची नाही. तेवढ्यात सुचिता बोलवायला आली. त्याचे राहूनच गेले. अभ्यासाचे काही असेल.

प्रेमलता


पांढुर्णा,
२८ ऑक्टोबर २०२४

ती. बाई,

तू कौतुक केलंस आणि दृष्ट लागली. तुझं कौतुकही अंगाला बाधतं.

सूज परत आली. आधीपेक्षा मोठी, आता काखेत मुठीएवढी आहे आणि मानेतही एक लागते. ताप हटत नाही. विजयनं गोळ्या वाढवल्या, काही दिवस उतरली, पुन्हा फुगली. आता विजय म्हणतो, "भगवंतराव, हे माझ्या हातचं नाही राहिलं." दोस्ती अशी वेळेवर कळते.

नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे एक डॉक्टरीणबाई आहे, राजूपेक्षा लहान असेल. तिनं सुई टोचून पाणी काढलं. रिपोर्टात धड काही नाही. मग वकिलासारखे प्रश्न. गाठ माराच्या आधी होती का? मी म्हटलं, नाही, दगडानंच आली, सारा गाव साक्षीला आहे. काही गोळ्या घेतल्या का? मी म्हटलं, काही नाही, अंगारा लावला. विजयचं नाव घेतलं असतं तर त्याच्या दवाखान्याला कुलूप लागलं असतं. माणसानं माणसाला जपावं लागतं, हे तुमच्या पुस्तकात नसेल.

आता ती म्हणते, अख्खी गाठ कापून काढू आणि तपासायला पाठवू. मी सांगितलं, दगडाच्या मारासाठी कोणी पोराला कापतं का? दिवाळी होऊ दे, मग पाहू. तू मध्ये पडू नकोस.

भगवंतराव


पांढुर्णा,
४ नोव्हेंबर २०२४

आत्याआजी,

नमस्कार. मी कुणाल. हे पत्र विनोदकाकाच्या हातात वेगळं दिलं आहे, आजोबांना माहीत नाही. मी हिंदी शाळेतला, मराठीत चुका दिसतील. लाल पेन काढू नका.

मला दगड लागला नाही. मी नदीवर गेलोच नव्हतो. गोटमारीला जातो असं घरी सांगितलं आणि पॅसेंजरनं तिगावला जाऊन स्टेशनच्या बाकावर बसून राहिलो. समोसे खाल्ले. मला भीती वाटते. आमच्या वर्गातले सगळे जातात आणि मी दुरून आवाज आला तरी दार लावून घेतो.

गाठ राखीच्या आधीपासून होती. छोटी होती, दुखत नव्हती, म्हणून मी कोणाला दाखवली नाही. झोपेत घाम येऊन गादी ओली व्हायची. अंग खाजायचं. पँट ढिली झाली तर आई म्हणाली, उंची वाढून राहिली. मग त्या दिवशी आजोबांना सूज दिसली. त्यांनी विचारलं, "दगड लागला का बे?" मी टॉवेल ओढून घेतला. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलंच नाही, सरळ ओरडले, "वाघ हाये माझा, वाघ!" मला आजपर्यंत कोणी वाघ म्हटलं नव्हतं. मग मी हो म्हणालो.

जामसांवलीला मी तुम्हाला हेच सांगणार होतो. तुम्ही ऐकलं नाही. तुम्ही दोघं एकसारखेच आहात. आजोबांना मिरवायला दगड पाहिजे होता, तुम्हाला आजोबांना झोडायला दगड पाहिजे होता. दोघांचंही भागलं. माझ्या काखेत काय आहे ते कोणालाच पाहायचं नव्हतं. विजयकाकांनी तर सदऱ्यावरूनच चाचपलं.

डॉक्टर मॅडम माझ्याकडे पाहून विचारतात आणि उत्तर आजोबा देतात. मी फरशीकडे पाहतो. मला त्यांच्यासमोर बोलता येणार नाही. तुम्हाला येतं. तुम्हाला तर त्यांना बोलायला मजाच येते. तर या एकदा.

कुणाल


सौंसर,
५ नोव्हेंबर २०२४

चि. कुणाल,

तुझे पत्र वाचून राग यायला हवा होता. लाज वाटली. ती माझ्या सवयीची नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

उद्या सकाळच्या बसने येते. आईला तयार राहायला सांग. विजयने दिलेल्या गोळ्यांची पाने, रिकामी असोत की भरलेली, सगळी एका पिशवीत घाल आणि पिशवी स्वतःजवळ ठेव. आजोबांशी काय बोलायचे ते मी पाहीन. तू फक्त डॉक्टरीणबाईंना दाखवायची ती गाठ दाखव.

आत्याआजी


पांढुर्णा,
१५ नोव्हेंबर २०२४

प्रेमलताबाई,

नमस्कार लिहीत नाही.

डॉक्टरसमोर, नर्ससमोर, माझ्या पोरासमोर आणि सुनेसमोर तू उभी राहून सांगितलंस, "दगडबिगड काही नाही, मुलगा नदीवर गेलाच नव्हता. आणि हा माझा भाऊ तुमच्याशी खोटं बोलला." पिशवी उलटी करून गोळ्यांची पानं टेबलावर ओतलीस. ती पोरीसारखी डॉक्टर माझ्याकडे अशी पाहत होती, जणू मी कोणाचं काही चोरलं.

राजूनं जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं, तेही पानठेल्यावर. आता पांढुर्ण्यात पोरंसोरं विचारतात, "काहून भगवंतराव, तिगावलेबी गोटमार असते का?" सावरगाववाले तर नदी ओलांडून मुद्दाम दुकानात येतात, कापड पाहतात, हसतात आणि न घेता जातात. विजयनं मला पाहून दवाखान्याचं शटर खाली ओढलं. तो नागपूरला गेला म्हणे.

या वयात तू माझं नाक कापलंस, आणि त्या पोरानं तुझ्या हातात कात्री दिली. त्याला सांग, मी त्याच्याशी बोलणार नाही. ज्याला मी भरबाजारात वाघ म्हटलं, तो समोसे खात बसला होता!

नागपूर सौंसरहून जवळ पडतं असं सुचिता म्हणते. ठेवून घे त्याला तुझ्याकडे. हजार पोरांना छड्या मारल्यास, घरचं एकही वाढवलं नाहीस. आता वाढवून पाहा.

भगवंतराव


सौंसर,
१२ डिसेंबर २०२४

भगवंता,

तू विचारणार नाहीस, म्हणून न विचारता सांगते.

विजयच्या गोळ्या स्टिरॉइडच्या होत्या. त्यांनी ही सूज हटकून उतरते, पण आजार मरत नाही, लपतो. म्हणून पहिल्या सुईत काही सापडले नाही. डॉक्टरीणबाईंनी त्या हळूहळू बंद केल्या, गाठ पुन्हा उघड होईपर्यंत थांबल्या, मग अख्खी काढून तपासायला पाठवली. पोराचे गालही त्याच गोळ्यांनी सुजले होते. त्या सुजेला मी बाळसे म्हटले होते. घे, हे तुझ्या जिभेला खाद्य दिले.

आजाराचे नाव अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा. अंगात रोगाशी लढणाऱ्या ज्या गाठी असतात, त्यांचाच कॅन्सर. मुलांमध्ये फार थोड्यांना होतो. छातीतही थोडा पसरला आहे, हाडांच्या आत मात्र गेलेला नाही. अशा आजारात एक खूण शोधतात, ती असली तर औषध चांगले लागू पडते. ती कुणालमध्ये आहे. बहुतेक मुले बरी होतात, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण लगेच पुढे म्हणाल्या, औषधाच्या सहाही फेऱ्या झाल्या तर आणि वेळेवर झाल्या तर. दर तीन आठवड्यांनी एक फेरी. पहिली येत्या सोमवारी. सुचिता आणि पोर माझ्याकडेच आहेत. राजू आठवड्याला येतो, पोराचे पाय चेपतो आणि जातो. त्याच्याबद्दल मी जे लिहिले होते त्यातले निम्मे परत घेते.

दगडाने कॅन्सर होत नाही, भगवंता. हे लिहावे लागते, कारण कानावर आले आहे की राजूने पानठेल्यावर सांगितले ते खोटे ठरवून तू दुकानात हल्ली "मार आत मुरला, त्याचा आजार झाला" असे सांगतोस. म्हणजे पोर मरणाच्या दारात उभे आहे आणि तू अजून त्याला नदीवर उभे करतो आहेस. नाक कापले म्हणतोस. ते कापून झाल्यावरही तुझ्या चेहऱ्यावर एवढी ऐट कुठून येते?

प्रेमलता


सौंसर,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. भगवंता,

मागच्या पत्राला तू उत्तर दिले नाहीस. त्यानंतर मीही लिहिले नव्हते. आज लिहिते आहे ते गरज पडली म्हणून.

तीन फेऱ्या झाल्या. केस गेले. तिसरीनंतर तोंड असे आले की पाणी गिळताना पोर उशी आवळायचे. पण परवाच्या तपासणीत गाठ कुठेच दिसली नाही. औषधाने काम केले. मी आनंदाने डॉक्टरीणबाईंच्या पाया पडायला निघाले होते, त्यांनी मला धरून खुर्चीत बसवले.

आणि आता कुणाल म्हणतो, सोमवारी चौथ्या फेरीला जाणार नाही. गाठ गेली, मग कशाला? डॉक्टरीणबाईंनी समजावले की दिसत नाही म्हणजे संपली नाही. अर्धे औषध सोडले तर ती परत येते, आणि परत आलेली ऐकत नाही. सुचिता रडली. मी ओरडले. आयुष्यभर माझे ओरडण्यानेच भागले होते, इथे भागले नाही. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "बरा होऊन कोठी जाऊ, आत्याआजी? पांढुर्ण्यात तोंड दाखवाले जागा नाही. आजोबांनी एक फोन नाही केला. त्याईले मी नसलेलाच बरा हाये."

तोंड आल्याचे दुखणे तो सोसतो. हे सोसत नाही.

भगवंता, मी तुला मूर्ख समजते. आजही समजते, त्यात बदल नाही. पण त्याला मी पुरत नाही. इतकी वर्षे मी सगळ्यांना अक्कल वाटली, आणि या पोराला माझी अक्कल नको, तो मूर्ख पाहिजे आहे. मी तुझ्यापुढे हात जोडते. सोमवारी सकाळी दवाखान्यात ये. येणार नसलास तर दोन ओळी लिही. शिव्या लिही, पण त्याला लिही. तो सोमवारी गेला नाही, तर आपण दोघे एकमेकांना काय लिहिणार आहोत?

तुझी बहीण
प्रेमलता


पांढुर्णा,
१४ फेब्रुवारी २०२५

कुणाल,

बाईचं पत्र आलं. तिनं मला हात जोडले असं लिहिलं आहे. सत्तर वर्षांत पहिल्यांदा. मला माझ्या चष्म्याचा भरवसा वाटेना, म्हणून राजूकडून पुन्हा वाचून घेतलं.

तू मला फसवलंस. मी वाघ वाघ करत बाजारात फिरलो आणि तू बाकावर बसून पाय हलवत होतास. राग आहे आणि राहील. मला सांभाळायला दुसरं फारसं काही उरलेलं नाही.

आता ऐक. काल दुकानात सावरगावचा एक माणूस आला. धोतरजोडी घेता घेता विचारलं, "नातवाचा मार कसा हाये, भगवंतराव?" रोजचं ठरलेलं उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. तुझा बाप बाजूला कापडाचं थान गुंडाळत होता. त्यानं ते तसंच टाकलं आणि बाहेर गेला. मला वाटलं खर्रा थुंकायला गेला. मी डोकावून पाहिलं, तर तो पानठेल्यामागे उभा राहून रडत होता. चाळीस वर्षांचा बाप्या, भर रस्त्यावर.

मी परत येऊन त्या माणसाला सांगितलं, "मार नाही लागला. पोट्टा भेला, नदीवर गेलाच नाही. त्याले कॅन्सर हाये. अन् मी मूर्खानं त्याले उघडा करून तुमच्यासमोर बसवला, डॉक्टरले दाखवाच्या आधी." दुकान भरलेलं होतं. मी वाट पाहत होतो की आता हसतील. कोणी हसलं नाही. त्या सावरगाववाल्यानं धोतरजोडी खाली ठेवली आणि विचारलं, "कोणत्या दवाखान्यात हाये लेकरू?" मला दवाखान्याचं नाव आठवेना. इतक्या महिन्यांत मी ते ध्यानातच ठेवलं नव्हतं.

तर तोंड लपवायची चिंता सोड. राजूचं खरं होतं हे गावाला माहीत झालं आहे, मीच सांगितलं. ज्याला कळलं नसेल त्याला राजू सांगेल, तो आता बोलायला शिकला आहे.

दगड खाणारे पोट्टे या गावात दर वर्षी शेकड्यानं निघतात. त्यातला एकही मला नको. मला भित्राच पाहिजे. सुई पाहून रडणारा, शिव्या देणारा, आईला बिलगणारा, पण दर तीन आठवड्यांनी उठून जाणारा.

सोमवारी पहिल्या बसनं मी नागपूरला पोचतो. तू नाही आलास तरी मी त्या दवाखान्याच्या पायरीवर बसून राहीन, आणि म्हातारा आहे, उठवता उठवता सगळ्यांच्या नाकी नऊ येतील. डॉक्टरीणबाईसमोर या वेळी तू बोलायचं, मी फरशीकडे पाहीन. आणि सुई लावताना भीती वाटली तर माझा हात धर. भीती मलाही वाटते, हसू नकोस.

तुझा आजोबा